उरलेली शीर

माणसाच्या पायातली शीर मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती एका बाटलीच्या तळाशी पडलेली होती. पांढुरकी, लिबलिबीत, भिजलेल्या बुटाच्या नाडीसारखी. सरांनी ती चिमट्याने उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "नीट बघून ठेव. ही नॉर्मल शीर." मी बघून ठेवली. सर म्हणतील ते मी बघूनही ठेवायचे आणि खरंही धरायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तिथे बोललं जाणारं कुठलं वाक्य मोलाचं आणि कुठलं नुसतंच तोंडातून निसटलेलं, हे मला घरी सांगणारं कुणी नव्हतं.

ही दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. नाना, म्हणजे माझे वडील, मूळचे भुसावळकडचे. कारखान्यातल्या बदलीने फिटर म्हणून तमिळ मुलखातल्या आवडी गावी आले आणि आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलो. एम.एस्सी. झाल्यावर मला जवळच्या शहरात, अड्यारच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं. संस्थेत झाडं पुष्कळ होती, पाट्या त्याहून पुष्कळ. प्रत्येक पाटीवर कुणाच्या तरी शुभहस्ते कशाचं तरी उद्‌घाटन. सर प्रमुख असलेली आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिथे एकच प्रश्न चालायचा: बायपासमध्ये वापरलेली शीर पुढे बंद का पडते?

प्रश्न खरोखर चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या प्रश्नाभोवती जी माणसं होती त्यांच्याबद्दल माझ्याकडून फारसं चांगलं निघेल असं मला वाटत नाही.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी आतून बुजली की पायातली एक लांब शीर काढतात आणि बुजलेल्या जागेला वळसा घालून शिवतात. तेवढ्यापुरतं भागतं. पण शीर म्हणजे धमनी नव्हे. पायातलं संथ रक्त वाहून नेण्यात तिचा जन्म गेलेला असतो, आणि तिला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. शिरेला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. इतकं पातळ, पण आत रक्त गोठू नये आणि भिंत शांत राहावी हे सगळं तेच सांभाळतं. ते खरवडलं गेलं की उघड्या जागेवर प्लेटलेट येऊन चिकटतात. मग भिंतीतल्या स्नायूपेशींना जाग येते. आकुंचन पावायचं हे त्यांचं एकच काम. ते त्या सोडून देतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊ लागतात, सरकत सरकत आतल्या बाजूला येतात आणि स्वतःभोवती धाग्याधाग्यांचा चिवट थर घालून बसतात. भिंत जाड होते, वाट अरुंद होते. जखम भरायला आलेल्या पेशीच वाट अडवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या पेशींचा राग आला नाही. त्या बिचाऱ्या दुरुस्तीच करत होत्या. कधी थांबायचं हे सांगणारं अस्तर उरलेलं नव्हतं, एवढंच.

सरांनी यावर एक द्रावण काढलं होतं. शीर शिवण्याआधी त्यात बुडवून ठेवली की पेशींची वाढ थांबते, असं त्यांचं म्हणणं. माझं काम सोपं होतं. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं, बायपास झाल्यावर उरलेला शिरेचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून आणायचा आणि त्याच्या बांगड्यांसारख्या चकत्या कापायच्या. काही चकत्या सरांच्या द्रावणातून काढून आणि काही तशाच, इन्क्युबेटरमध्ये पोसायच्या. एक चकती मात्र लगेच, पेशी आहेत तशा टिकाव्यात म्हणून, फॉर्मेलिनमध्ये टाकायची. ती नॉर्मल. बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाया डब्याकडे बघून विचारायच्या, "मासे का गं?" मी हो म्हणायचे. मग कुठल्या बाजारातून आणले, कसे दिले, हेही सांगावं लागायचं.

अडचण आली ती त्या नॉर्मल चकतीची. अस्तराच्या पेशींना तपकिरी रंग चढवायची एक पद्धत होती. शीर निरोगी असेल तर मायक्रोस्कोपखाली तिच्या आतल्या कडेने बारीक तपकिरी रेघ दिसायला हवी, पेन्सिलीने ओढल्यासारखी. माझ्या चकत्यांमध्ये रेघ दिसायचीच नाही. कुठेतरी एखादा ठिपका, पुढे उजाड, मग पुन्हा एखादा ठिपका.

सरांनी एकदाच डोळा लावला.

"घरी भांडी कोण घासतं?"

"मी, सर. आई आणि मी."

"दिसतंय. ही भांडी नाहीत, मा. हात हलका ठेव."

तिकडे मुलीला, बाईला सगळेच 'मा' म्हणतात. खोलीतले बाकीचे हसले. मीही हसले. जाताना मला वाटत होतं, खरंच हात जड असेल. मी आवडीच्या बाजारातल्या खाटकाकडून बोकडाच्या शिरा आणून घरी सराव सुरू केला. आई म्हणाली, "मटण आणायचं सोडून नळ्या काय आणतेस? सतरा वर्षं शिकवून हेच शिकलीस का?" मी त्या नळ्या फॉर्मेलिनमध्ये बुडवून प्रयोगशाळेत नेल्या, त्याच सुरीने कापल्या, त्याच रंगाने रंगवल्या. बोकडाच्या शिरेत रेघ स्वच्छ उमटली, सबंध, कुठे तुटलेली नाही. म्हणजे खाटकाच्या सुरीखालून आलेल्या बोकडाचं अस्तर शाबूत, आणि शहरातल्या नामांकित ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या माणसाचं गायब.

मी सरांना हे सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. मी फक्त विचारलं की एकदा थिएटरमध्ये उभं राहून तुकडा घेतला तर चालेल का. सर म्हणाले, "जा. मोठी माणसं कसं काम करतात ते बघ. शिकशील."

शिकले.

थिएटरमध्ये मला माझ्या दुप्पट मापाचा हिरवा झगा दिला आणि भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. तिथे मला पहिली गोष्ट कळली ती मान कुणाचा याची. छाती उघडायचा मान मोठ्या सर्जनचा. तिथे दिवे, तिथे गर्दी, तिथे सगळ्यांचे डोळे. पाय उघडायचं काम धाकट्याचं. हा धाकटा सर्जन तिशीतला असेल. गोरापान, देखणा आणि सतत गुणगुणत असलेला. त्याने घोट्यापासून वर पाय उघडला, शिरेखाली बोट घातलं आणि तिला ओढून वर घेतलं. तिच्याभोवतीची चरबी सालीसारखी सोलून काढली. लहान लहान फाटे बांधले. एवढा वेळ चिमटे आणि बोटं लागून शीर आक्रसून दोऱ्याएवढी झाली होती. मग त्याने तिच्या एका टोकाला सलाईनने भरलेली पिचकारी जोडली, दुसरं टोक दाबलं आणि अंगठ्याने जोर केला.

शीर टम्म फुगली. एका फाट्यातून बारीक कारंजं उडालं. त्याने तिथे टाका घातला आणि परत जोर केला, आधीपेक्षा जास्त.

माझ्याकडे बघून म्हणाला, "बघितलंस मा? पंक्चर काढायचं शास्त्र."

छातीच्या बाजूने आवाज आला, "शीर झाली का तयार? की आम्ही जेवून येऊ?"

"झाली सर, झाली!" म्हणत त्याने आणखी एकदा फुगवली आणि थंड सलाईनच्या वाटीत टाकून दिली. ती तिथे तशीच पडून राहिली, कुणाला तिची आठवण होईपर्यंत.

सगळ्या शस्त्रक्रियेत पुढची कितीतरी वर्षं जिच्यावर भिस्त ठेवायची ती एकच वस्तू, आणि ती खोलीतल्या सर्वांत घाईतल्या माणसाकडे सोपवलेली. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं ते मी मास्कच्या आत ठेवलं.

पुढच्या खेपेला मी त्याला विचारलं, पिचकारी लावायच्या आधी वरच्या टोकाचा थोडासा तुकडा मिळेल का. तो म्हणाला, "हवं तेवढं घे, मा. माझ्या पायातली थोडीच आहे!" थिएटरमधल्या सिस्टर मोठ्याने हसल्या. मी तुकडा घेतला, शेवटी उरलेलाही घेतला. दोन्ही एकाच माणसाचे, एकाच शिरेचे. रंगवून बघितले. फुगवण्याआधीच्या तुकड्यात तपकिरी रेघ होती, चिमट्याने दुखावलेल्या एखाद्या जागेपुरती तुटलेली. फुगवल्यानंतरच्या तुकड्यात जवळजवळ नव्हतीच. मधल्या थरातल्या पेशीसुद्धा ताणून एकमेकींपासून सुटल्यासारख्या दिसत होत्या. आणि आम्ही दोन वर्षं तिलाच नॉर्मल म्हणत होतो. हॉस्पिटलने वापरली नाही म्हणून ती निरोगी, असा आमचा समज. जी शीर आधीच सोलून निघाली आहे तिच्याशी तुलना करून आम्ही जखमेचा अभ्यास करत होतो. हे फक्त खूप शिकलेल्या माणसांनाच जमतं.

सरांपुढे मी दोन्ही फोटो ठेवले.

"दोन तुकडे घ्यायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर. पण आपण जिला नॉर्मल म्हणतो ती..."

"कळलं. उगाच सगळीकडे बोलत बसू नकोस."

मला वाटलं, विषय संपला. पण सर हुशार होते. पुढच्या परिषदेत त्यांनी एक मोठं पोस्टर लावलं. वर ठसठशीत अक्षरांत, शस्त्रक्रियेतल्या हाताळणीनेच शिरेचं अस्तर नष्ट होतं हे आता निर्विवाद सिद्ध झालं आहे. खाली माझे दोन फोटो, लाल बाणांसकट. सर हातात कॉफी घेऊन पोस्टरशेजारी उभे होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "मला पहिल्यापासूनच शंका होती." मी मागे पोस्टर गुंडाळून आणलेली पुठ्ठ्याची रिकामी नळी धरून उभी होते. ही बातमी ज्यांना कळायला हवी होती ते थिएटरमधले लोक सोडून शहरात सगळ्यांना कळली. त्यांना का सांगत नाही असं विचारल्यावर सर म्हणाले, "ते आपले सहकारी आहेत. सहकाऱ्यांचा अपमान करायचा नसतो."

त्याच हिवाळ्यात नाना आवडी स्टेशनच्या पुलावर थांबायला लागले. हिवाळा म्हणजे आमच्याकडे पंखा एकवर ठेवायचे दिवस. मधल्या पायऱ्यांवर ते वाकायचे आणि चपलेचा पट्टा नीट करायचे. चपलेला पट्टा नव्हताच, अंगठ्याची साधी चप्पल होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काही नाही वं. जरा गॅस झाला." घाम पुसत म्हणाले. कारखान्याच्या दवाखान्याने तपासणी केली, पुढे पाठवलं, आणि हृदयापर्यंत नळी घालून बघितल्यावर तीन ठिकाणी अडथळे निघाले. बायपास करायचं ठरलं. पाठवलं ते माझ्याच हॉस्पिटलात, म्हणजे जिथून मी डबा भरून आणायचे तिथे.

आमच्या क्वार्टर्समध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या मामी रसम घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आजकाल बायपास म्हणजे दात काढल्यासारखं." भुसावळहून काकांचा फोन आला, "पायाची शीर काढून देऊ नको, लंगडा होशील जन्माचा." नाना खाटेवर बसून ऐकायचे. मग मला हळूच विचारायचे, "पायातली काढून छातीत टाकतात. मग पायात काय टाकतात? सायकलची ट्यूब?"

मी त्यांना समजावलं. एक धमनी छातीतलीच घेतील, बाकी दोन ठिकाणी पायातली शीर. पायात दुसऱ्या शिरा असतात, त्या भार उचलतात. नाना मान डोलवत होते.

"तू तर रोज पाहतेस ना त्या शिरा? कशा असतात?"

"चांगल्या असतात नाना."

"मग कायले तोंड पाडून बसली?"

काय सांगणार होते मी? की तुमची शीर चांगलीच आहे, पण ती छातीपर्यंत पोहोचायच्या आत एका माणसाच्या अंगठ्याखालून जाणार आहे? छाती उघडण्याची भीती मला फारशी वाटत नव्हती. त्यात ते लोक तरबेज होते. मला त्या पिचकारीची भीती वाटत होती.

मी सरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागायला गेले. म्हटलं, "सर, माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे. तुम्ही मोठ्या सर्जनना एक शब्द सांगाल का? शीर जोराने फुगवू नका, थंड सलाईनऐवजी त्यांच्याच रक्तात ठेवा, एवढंच. आपल्या पोस्टरमध्ये..."

सरांनी चष्मा काढला.

"हे बघ. पोस्टर वेगळं, पेशंट वेगळा. तांत्रिकदृष्ट्या ही अजून एक हायपोथेसिस आहे."

"पण सर, निर्विवाद असं आपण..."

"ते परिषदेसाठी."

परिषदेच्या भिंतीवर जे निर्विवाद होतं, ते एका फिटरच्या पायापाशी येताच नुसता अंदाज झालं. सिद्ध होणं हे इतकं सोयीचं असतं हे मला कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. वर सर दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "काळजी करू नकोस. तिथले लोक उत्तम आहेत." कितपत उत्तम आहेत ते दाखवणारे फोटो त्यांच्याच टेबलावर पडले होते.

मग उरला तो धाकटा सर्जन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला कॅन्टीनबाहेर गाठलं. काय बोलायचं ते बसमध्ये तमिळमध्ये घोकून ठेवलं होतं, पण तो समोर आल्यावर सगळं पळालं. मी नुसते दोन्ही फोटो पुढे केले.

"हे काय?"

"सर, ही एकच शीर. ही पिचकारी लावायच्या आधीची. ही नंतरची. ही तपकिरी रेघ आहे ना, ते अस्तर. नंतर ते जातं."

त्याने फोटो हातात घेतले. उलटे धरले होते. मी सरळ करून दिले.

"मग? गळती तपासू नको? उद्या शिवल्यावर फाट्यातून रक्त उडालं तर तुझी तपकिरी रेघ येऊन बोट धरणार?"

"तपासा सर, तपासायलाच हवं. पण जोर कमी. आणि सलाईनऐवजी त्यांचंच रक्त थोडं... आणि वाटीत थंड न ठेवता..."

"इकडे या रे!" त्याने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. "ही आपल्याला शीर काढायला शिकवते. एम.एस्सी. आहे."

ते दोघे इडली सोडून उठले नाहीत, पण हसले. त्यातला एक म्हणाला, "मा, तूच ये ना उद्या. आम्ही जेवून येतो." तेवढ्यात मोठे सर्जन तिथून जात होते. काय चाललंय म्हणून थांबले. धाकट्याने सांगितलं, हिच्या वडिलांचं उद्या आहे, घाबरली आहे. मोठ्यांनी माझ्या खांद्याकडे बघून म्हटलं, "आमच्या थिएटरमध्ये प्रत्येक पेशंट हा कुणाचा तरी बापच असतो," आणि निघून गेले. वाक्य सुंदर होतं. नेहमीचं असावं, कारण ते बोलताना त्यांचा चालण्याचा वेगही कमी झाला नाही.

मी फोटो पिशवीत घालत होते. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून फार हळू घालत होते. धाकटा सर्जन क्षणभर थांबला.

"खरंच तुझे अप्पा?"

"हो सर."

"सेरी, सेरी. बरं बाई, रडू नको. तुझ्या अप्पांची हळू करतो."

त्याने डोळा मिचकावला. त्या मिचकावण्याचा अर्थ मी रात्रभर लावत बसले नाही, कारण लागणार नाही हे ठाऊक होतं. वचन आणि थट्टा तो एकाच चेहऱ्याने करायचा.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं नाही. नातेवाईक म्हणून मी बाहेरच्या बाकावरची. आई शेजारी बसून स्तोत्र पुटपुटत होती आणि मध्येच विचारत होती, "आता शीर काढली असेल का गं?" दुपारी मोठे सर्जन बाहेर आले, "एक्सलंट" म्हणाले आणि गेले. थोड्या वेळाने सिस्टर आली आणि तिने सवयीने माझ्या हातात बाटली ठेवली.

"आजची, मा. उरलेली."

आईने विचारलं, "काय आहे ते?" मी म्हटलं, "कामाचं." खोटं नव्हतं. कुणाचीही शीर उरली तरी ती मला द्यायची असा त्यांचा शिरस्ता होता, आणि कुणाचीही म्हणजे कुणाचीही. तो तुकडा बोटाच्या पेराएवढा असेल. नानांच्या घोट्याजवळचा, नाहीतर पोटरीचा. ज्या पायांनी त्यांनी मला शाळेत सायकलवर सोडलं होतं त्यातला.

तो टाकून द्यावा असं एकदा मनात आलं. बघून करणार काय होते? शीर आत शिवून झाली होती, ती उसवून परत घालता येणार नव्हती. पण न बघता राहणंही मला जमलं नसतं. तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून ठेवला. नाना अतिदक्षता विभागातून बाहेर आले, दोन शब्द बोलले, त्यानंतरच मी अड्यारला गेले. चकत्या कापल्या. रंग चढवला, धुतला, काच ठेवली, डोळा लावला.

रेघ होती.

एखाद्या ठिकाणी तुटलेली, पण बाकी सबंध, आतल्या कडेने गोल फिरलेली. मधल्या थरातल्या पेशी दाटीने, आपापल्या जागी. एवढी चांगली शीर त्या थिएटरमधून आलेली मी कधीच पाहिली नव्हती. मी स्टुलावरून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन पाहिलं. होती.

मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याने तो आनंद नासला. म्हणजे त्याला येत होतं. अंगठ्याचा जोर कमी ठेवायला काही नवीन यंत्र लागलं नाही, नवीन शिक्षण लागलं नाही, सरांचं द्रावण तर नाहीच नाही. थोडा जास्त वेळ लागला असेल आणि छातीच्या बाजूने कुणी ओरडलं असेल तर त्याने "थांबा" म्हटलं असेल. एवढंच लागत होतं. आणि ते मिळायला आधी एका मुलीने कॅन्टीनबाहेर रडकुंडीला यावं लागत होतं.

सरांना मी स्लाइड दाखवली नाही, त्यांनीच येऊन पाहिली. फार खूश झाले.

"वा! शेवटी सुधारला की तुझा हात."

"सर, माझा हात तोच आहे. तिथे हळू केलं म्हणून..."

"हा फोटो नॉर्मल म्हणून लावू. सगळ्या पेपरमध्ये हाच."

"सर, ही माझ्या वडिलांची शीर आहे."

"मग तर फारच सोयीचं," सर म्हणाले. "परवानगी घरातच मिळेल."

नाना घरी आले. पायाला लांब पांढरा मोजा, पोटरी सुजलेली, छातीवर उशी घट्ट धरून खोकायचे. सगळ्यांसमोर विचारलं, "मग, आमची शीर कशी निघाली?"

"छान निघाली, नाना."

"निघणारच. आपल्या घराण्यात पाय सगळ्यांचेच चांगले," ते मामींना म्हणाले. मामींनी पायांकडे बघून मान डोलावली. नाना पुढे चांगले चालायला लागले, पुलावरूनही. ते त्या रेघेमुळे की गोळ्यांमुळे की नुसत्या नशिबाने, हे मी सांगू शकत नाही. सरांसारखी माणसं सांगू शकतील. कुठे विचारता त्यावर त्यांचं उत्तर अवलंबून राहील.

रजा संपवून मी कामावर परतले तेव्हा मंगळवारचा तुकडा आला. कुणाचा ते आम्हाला कधीच सांगत नसत. कापला, रंगवला, बघितला. रेघ नाही. दोन-चार ठिपके, बाकी उजाड. नंतरचा आला, तोही तसाच. त्याच्यानंतरचाही.

मी पुन्हा हॉस्पिटलात गेले. माझं भागलं होतं, मला जायचं काही कारण नव्हतं, आणि मी गेले नसते तर कुणी मला नावं ठेवली नसती. धाकटा सर्जन थिएटरबाहेरच्या मोरीपाशी पुढच्या केससाठी उभा होता. मला बघून प्रसन्न हसला.

"कसे आहेत अप्पा?"

"बरे आहेत, सर. फार उपकार झाले. तुम्ही केलेली शीर मी पाहिली. फार सुंदर होती."

"सांगितलं होतं ना?"

"सर, परवाची मात्र... आणि त्याच्या नंतरचीही. तशी नव्हती. सगळ्यांचीच तुम्ही तशी केलीत तर..."

राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, नुसतं नवल होतं.

"परवाचे कोण? तेही तुझेच अप्पा का?"

"नाही, सर. पण कुणाचे तरी असतीलच."

"मग त्यांनी येऊन सांगावं," तो म्हणाला आणि गुणगुणत हात धुवायला लागला. हात मात्र तो कोपरापर्यंत, अगदी नियमाप्रमाणे धुवायचा.